आठ तासांत नवा सोबती: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील प्राणी-सोबत्याच्या नियमांचे परीक्षण

पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा एका रविवारी रात्री लातूरमधील आमच्या घराच्या गच्चीवरील खोलीत ढाण्या मेला. ढाण्या कागदावरचा कुत्रा होता. त्याची सारी जमाखर्चाची नोंद एका आखीव कागदावर पेन्सिलीने केलेली होती आणि त्याचे कान, त्याची खोडी व पावसाची भीती या गोष्टी आम्ही चौघांनी सहा महिन्यांत हळूहळू ठरवल्या होत्या. तो गेला तेव्हा खोलीत जी शांतता पसरली ती मात्र कागदावरची नव्हती, आणि त्या शांततेत मी ज्या पुस्तकाची पाने घाईघाईने उलटत होतो त्याचे हे परीक्षण आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे ‘प्लेअर्स हँडबुक’ विकत घ्यावे का, कोणत्या आवृत्तीचे घ्यावे, असे मला विद्यार्थी अधूनमधून विचारतात. त्यांना उत्तर देताना मी पूर्वी चित्रे, छपाई आणि जादूमंत्रांची संख्या यांबद्दल बोलत असे. आता मी त्यांना विचारतो की तुमच्या पात्राबरोबर एखादा प्राणी असणार आहे का.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या या खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो, आणि डीएम (डंजन मास्टर) म्हणून ओळखला जाणारा एक जण बाकीचे सारे जग चालवतो. काय साधले आणि काय फसले याचा निवाडा वीस बाजूंचा फासा करतो. आमच्या टेबलावर डीएम मी आहे. रेंजर, म्हणजे रानावनात वावरणारा योद्धा, चालवणारे आमचे मित्र पशुधन पर्यवेक्षक आहेत, विझार्ड, म्हणजे जादूगार, माझा अभियांत्रिकीला शिकणारा भाचा चालवतो, आणि ‘रोग’ (rogue) हे चोरवाटांचे पात्र शेजारच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या ताई चालवतात. आम्ही 2014 च्या आवृत्तीने, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या 320 पानी ‘प्लेअर्स हँडबुक’ने खेळत होतो. हे पुस्तक लातूरच्या दुकानांत मला मिळाले नव्हते, ते ऑनलाइन मागवावे लागले.

त्या पुस्तकात रेंजरला तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या तिसऱ्या पायरीला, ‘बीस्ट मास्टर’ हा मार्ग निवडता येतो आणि त्याबरोबर एक प्राणी-सोबती मिळतो. प्राणी मध्यम किंवा त्याहून लहान आकाराचा असावा आणि त्याचा चॅलेंज रेटिंग, म्हणजे लढाईतल्या ताकदीचे माप, पाव किंवा त्याहून कमी असावा, एवढ्या अटी आहेत. आमच्या मित्रांनी मॅस्टिफ घेतला, म्हणजे मोठा राखणदार कुत्रा. पण टेबलावर त्याचे वर्णन पहिल्याच दिवशी बदलून आपल्याकडच्या कारवानी कुत्र्यासारखे झाले, लांब तोंडाचा, सडपातळ, पोट पाठीला टेकलेला. मॅस्टिफचे मुळात पाच हिट पॉइंट असतात, म्हणजे एवढा मार बसला की तो पडतो. सोबती झाल्यावर ते रेंजरच्या लेव्हलच्या चौपट होतात, म्हणून पाचव्या लेव्हलला ढाण्याचे वीस होते. रेंजरकडे प्राण्यांशी बोलण्याचा पहिल्या लेव्हलचा मंत्र होता आणि तो टाकला की ढाण्याचा आवाज मला काढावा लागे. मी त्याला लातुरी बोलायला लावले. पुढच्या खोलीत कशाचा वास येतो असे विचारले, की शत्रू किती हे सांगण्याआधी तो तिथे भाकरी भाजल्याचे सांगत असे. ताईंना हे इतके आवडले की त्या स्वतःच्या पात्राच्या पोटलीत ढाण्यासाठी वाळलेल्या मांसाचा वेगळा हिशोब ठेवू लागल्या.

या नियमांतील पहिला दोष मृत्यूच्या पुष्कळ आधी जाणवतो. 2014 च्या पुस्तकात सोबत्याला हल्ला करायला सांगण्यासाठी रेंजरला स्वतःची कृती खर्च करावी लागते. पाचव्या लेव्हलपासून त्यात थोडी सवलत मिळते, परंतु बहुतेक लढायांत खेळाडूला कुत्र्यापेक्षा स्वतःचे धनुष्य अधिक उपयोगी वाटते आणि कुत्र्याला कुठेतरी बसवून ठेवण्याकडे त्याचा कल होतो. ढाण्याला त्या रात्री एका वळणामागे बसायला सांगितले होते ते याच कारणाने, आणि वळणामागे तो सुरक्षित आहे असे आम्हा सर्वांना वाटत होते.

वळणे माझी होती. आम्ही चौघे देवगिरीला जाऊन आलो होतो आणि तिथल्या अंधारीत मोबाइलचे दिवे बंद करून भिंत चाचपत चाललो होतो. त्यावरून मी खेळातला किल्ला बेतला होता, अरुंद, चढती, दर दहा पावलांवर वळणारी वाट. त्या वाटेत सहा शत्रू एकत्र आले, आणि पाचव्या लेव्हलला नुकताच ‘फायरबॉल’ मिळालेल्या भाच्याने तो टाकला. या मंत्राचा स्फोट वीस फूट त्रिज्येचा असतो हे त्याच्या लक्षात होते. त्याच मंत्राच्या वर्णनात आग कोपऱ्यांभोवती वळून पसरते असे एक छोटे वाक्य आहे, ते त्याच्या लक्षात नव्हते. मी ते वाचून दाखवले. त्याने आठ फासे टाकले, बेरीज 31 आली. ढाण्याच्या वतीने आमच्या मित्रांनी बचावाचा फासा टाकला तो सातवर थांबला. चपळाईचे दोन मिळवून नऊ झाले आणि पंधरा हवे होते.

इथे मी पुस्तक उघडले, आणि या परीक्षणातील माझी मुख्य तक्रार इथूनच सुरू होते. खेळाडूचे पात्र शून्यावर आले की ते बेशुद्ध होते आणि दर फेरीला एक मृत्यू-फासा टाकते: दहा किंवा अधिक आल्यास एक यश, कमी आल्यास एक अपयश, तीन यशांनी जीव स्थिरावतो आणि तीन अपयशांनी जातो, एक आला तर दोन अपयशे धरायची आणि वीस आला तर पात्र एका हिट पॉइंटने उठून बसते. राक्षसांबाबत मात्र पुस्तक म्हणते की बहुतेक डीएम त्यांना शून्यावर येताच मेलेले धरतात, आणि एखादा मोठा खलनायक किंवा विशेष पात्र असेल तर त्याला खेळाडूंचे नियम लावता येतात. सोबती प्राणी या दोन रांगांपैकी कोणत्या रांगेत उभा राहतो, याचे सरळ उत्तर मला त्या पानांवर सापडले नाही. तो विशेष आहे की नाही हे डीएमने ठरवायचे. सहा महिने एका माणसाने ज्याला नाव देऊन वाढवले, तो विशेष आहे का, हा प्रश्न समोर तो माणूस बसलेला असताना डीएमच्या गळ्यात टाकणे मला पुस्तकाची पळवाट वाटते.

मी त्याला मृत्यू-फासे दिले. पहिला बारा आला. आमच्या मित्रांचे मंत्रांचे स्लॉट (मंत्र टाकण्याचा मर्यादित साठा) आधीच्या लढाईत संपलेले होते आणि मधल्या चिंचोळ्या वाटेत आगीतून वाचलेले दोन शत्रू उभे होते, म्हणून धावत जाऊन कुत्र्याला सावरणेही शक्य नव्हते. दुसरा फासा एकवर पडला. तिसरा टाकण्याआधी त्यांनी तो बराच वेळ तळहातावर ठेवला, आणि मग सहा आला.

या तीन फाशांबद्दल मी पुस्तकाचे ऋण मानले पाहिजे, कारण हा नियम उत्तम आहे. घाव बसताच “मेला” असे म्हणून मी पुढे गेलो असतो तर ते दुःख एका वाक्यात संपले असते. तीन फेऱ्यांत प्रत्येकाला आपापल्या परीने प्रयत्न करता आला. ताईंच्या पात्राने दोन शत्रूंच्या मधून घुसण्याचा वेडा प्रयत्न केला आणि ते स्वतः जखमी झाले. मरण येत आहे हे दिसत असताना माणसे धावतात, त्या धावण्याला फाशांनी जागा दिली. आमच्याकडे गोठ्यात जनावर आजारी पडले की रात्रभर कंदील घेऊन बसणारी माणसे असतात. डॉक्टरांना काही करता येणार नाही हे त्यांना पहाटेच कळलेले असते, तरी ती बसतात.

त्यानंतर पुस्तकाने जे दिले ते मी सर्वांसमोर वाचायला नको होते. नियमाचा आशय असा: सोबती मेल्यास, तुमच्याशी वैर नसलेल्या दुसऱ्या प्राण्याशी आठ तास जादूने नाते जोडून तुम्ही नवा सोबती मिळवू शकता, तो त्याच जातीचा असो वा दुसऱ्या. मृत्यूबद्दलचा सारा मजकूर एवढाच. आमचे मित्र आयुष्यभर जनावरांतच वावरलेले असल्यामुळे फार बोलत नाहीत. ते म्हणाले, “सर, आठ तासांत तर नवं वासरूबी गोठ्यात रुळत न्हाई.”

हे वाक्य मी या परीक्षणाचे माप म्हणून वापरणार आहे. बैलजोडीतला एक गेला की शेतकरी “जोड फुटली” म्हणतो. नवा बैल बाजारातून आणता येतो, पण उरलेला बैल त्याच्याबरोबर जू घेईल का, हे महिनाभर कुणी छातीठोकपणे सांगत नाही. आमच्या वडिलांचा लाल कंधारी बैल गेला तेव्हा त्याला बांधावर पुरले आणि त्या दिवशी घरी चूल पेटली नाही. त्याला कुणी सुतक म्हटले नाही, पण पाळले. बैलाची तेरवी घातल्याच्या बातम्या तर वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असतात. प्राण्याच्या मरणानंतर काहीतरी करायचे असते, आणि ते करायला काही काळ लागतो, ही समजूत आमच्या टेबलावर बसलेल्या चौघांचीही होती. पुस्तकाची नव्हती.

पुस्तकाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. रेंजरची अर्धी ताकद सोबत्यात असते आणि तो खेळाडू चार बैठका सोबत्यावाचून बसला तर त्याचा खेळच अधू होतो. म्हणून नवा सोबती लवकर मिळावा ही रचनाकारांची काळजी योग्यच आहे. प्रश्न वेळेचा नाही, त्या आठ तासांत काय घडते याबद्दल पुस्तक गप्प आहे याचा आहे.

किमतींचा हिशोब त्याहून विचित्र आहे. याच पुस्तकाच्या बाजारभावाच्या यादीत मॅस्टिफ पंचवीस सुवर्णमुद्रांना मिळतो. मेल्यावर एका मिनिटाच्या आत जीव परत आणणाऱ्या ‘रिव्हिव्हिफाय’ या मंत्राला तीनशे मुद्रांचे हिरे लागतात, म्हणजे एक कुत्रा वाचवण्याच्या खर्चात बारा कुत्रे येतात. ‘रेझ डेड’ला पाचशे मुद्रांचा हिरा, म्हणजे वीस कुत्रे. आमच्या मित्रांनी हा भागाकार तोंडी केला आणि म्हणाले की दवाखान्यातही लोक हाच हिशोब करून येतात आणि तरी म्हशीच्या सलाईनला पैसे मोजतात. ‘रेझ डेड’ची मुदत मरणापासून दहा दिवसांची आहे हे वाचून ताई एकदम थांबल्या. दहाव्या दिवशी घाटावर पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणाऱ्या समाजात हा आकडा योगायोगाने येऊन पडला आहे, पण तो आमच्या कानाला बरोबर लागला. ‘रीइन्कार्नेट’ हा पुनर्जन्माचा मंत्र मात्र फक्त मनुष्यसदृश जिवांनाच चालतो. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या हिशोबात वाढलेल्या आमच्यासारख्यांना ही अट हास्यास्पद वाटली, आणि त्या रात्री पहिल्यांदा हसू आले ते याच अटीवर.

आता नंतरच्या पुस्तकांकडे वळतो. 2020 च्या ‘टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या 192 पानी पुरवणीत बीस्ट मास्टरसाठी पर्यायी सोबती दिला आहे आणि 2024 च्या 384 पानी नव्या ‘प्लेअर्स हँडबुक’ने तोच मार्ग पुढे नेला आहे. जमिनीवरचा, पाण्यातला आणि आकाशातला असे त्याचे तीन साचे आहेत. खेळण्याच्या दृष्टीने हा सोबती निर्विवाद सरस आहे. त्याला हल्ल्याची आज्ञा देण्यासाठी रेंजरची पूर्ण कृती खर्ची पडत नाही, छोटी बोनस कृती पुरते, म्हणून त्याला वळणामागे बसवून ठेवण्याची वेळ येत नाही. जमिनीवरच्या साच्याचे हिट पॉइंट लेव्हलच्या पाचपट अधिक पाच, म्हणजे पाचव्या लेव्हलला तीस. भाच्याच्या 31 पुढे तेही पुरले नसते, हे मी हिशोब करून पाहिले आणि त्याला सांगितले नाही.

पण तो मेल्यास काय? तासाभराच्या आत रेंजरने एक स्लॉट खर्च करून त्याला स्पर्श केला की मिनिटभरात तो सर्व हिट पॉइंटांसह उठतो, आणि लांब विश्रांतीनंतर हवा तर निराळा सोबती बोलावता येतो. सोय म्हणून याला नावे ठेवता येणार नाहीत. लहान मुलांबरोबर खेळणाऱ्याला, किंवा घरातले खरे कुत्रे नुकतेच गेलेल्या खेळाडूला मी हेच पुस्तक सुचवीन आणि त्यात कमीपणा मानणार नाही. माझी अडचण अशी की हा सोबती जन्मलेला नसतो, बोलावलेला असतो. साच्यावर रंग आणि जात आपण चढवायची. परीक्षणाच्या तयारीसाठी आम्ही एक संध्याकाळ याच नियमांनी खेळलो, आणि दोन तासांत सोबती दोनदा मेला व दोनदा उठला. दुसऱ्या वेळी त्याचे नाव काय ठेवले होते हे कुणाला आठवेना.

विझार्डचा ‘फॅमिलियर’, म्हणजे मंत्राने बोलावलेला प्राणीरूपी दूत, आणि पॅलॅडिन या धर्मयोद्ध्याचा घोडा यांची गोष्ट वेगळी नाही. 2014 च्या नियमांत दोघेही शून्यावर आले की नाहीसे होतात आणि मागे शरीर उरत नाही. फॅमिलियरसाठी दहा मुद्रांचा कोळसा, धूप आणि वनस्पती जाळून तासभराचा मंत्र पुन्हा म्हटला की तो परत येतो. शरीर उरत नाही म्हणजे खड्डाही खणावा लागत नाही. घुबडाच्या रूपातल्या दूतासाठी हे चालून जाते, घोड्यासाठी मला चालत नाही.

सर्वांत अनपेक्षित चांगला नियम मला मी तपासलेल्यांपैकी सर्वांत जुन्या पुस्तकात सापडला. 2003 च्या साडेतीन आवृत्तीत पॅलॅडिनचा घोडा मेला तर तीस दिवस, किंवा पुढची लेव्हल येईपर्यंत, दुसरा घोडा बोलावता येत नाही, आणि त्या तीस दिवसांत पॅलॅडिनच्या हल्ल्याच्या व शस्त्राच्या माऱ्याच्या फाशांवर एकाची वजावट लागते. विझार्डचा फॅमिलियर मेला तर एक वर्ष आणि एक दिवस नवा मिळत नाही; शिवाय लेव्हलमागे दोनशे अनुभव-गुण जातात आणि सहनशक्तीचा फासा साधला तर त्यातले निम्मे वाचतात. ड्रुइडला, म्हणजे निसर्गपूजक पात्राला, नव्या सोबत्यासाठी चोवीस तास अखंड प्रार्थना करावी लागते. त्या काळच्या खेळाडूंना हे नियम जाचक दंडासारखे वाटले असतील, आणि अनुभव-गुणांची कपात मलाही मान्य नाही. आधीच जे गमावले त्यावर आणखी भुर्दंड कशासाठी? पण तीस दिवसांची ती एकाची वजावट वाचताना मी जागीच थांबलो. पात्र लढते, चालते, जेवते, आणि प्रत्येक फाशाच्या वेळी तो एक वजा करताना खेळाडूला आठवते. हे सुतकच आहे. वर्ष आणि एक दिवस हे वर्षश्राद्धाचे माप आहे. रचनाकारांच्या मनात हे असण्याचे कारण नाही, त्यांनी समतोलासाठी आकडे घातले असणार. तरी कुठल्याही सांत्वनाच्या परिच्छेदापेक्षा या आकड्यांनी टेबलावर अधिक काम केले असते.

‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाच्या 2019 मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीचा मार्ग मधला आहे: सोबती मेल्यास खेळातील एक आठवड्याचा मोकळा काळ घालवून नवा मिळतो, खर्च काही नाही. आठवडा ही बरी मुदत आहे. तिथे सोबती वयातही येतो, कोवळ्याचा प्रौढ होतो, म्हणून तो वाढताना दिसतो. शिवाय हे सारे नियम अधिकृतपणे इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चाही मूलभूत नियमसंग्रह जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहे, पण तो उतरवून घेऊन काम भागेल असे समजणाऱ्यांनी सावध राहावे; त्यात रेंजरचा ‘हंटर’ हा एकच मार्ग आहे, बीस्ट मास्टर नाही. सोबती हवा असेल तर पुस्तक घ्यावेच लागते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो, कारण तिचा दोष पुस्तकावर ढकलणे अन्यायाचे होईल. खेळ सुरू करण्यापूर्वी सगळ्यांनी एकत्र बसून काय चालेल आणि काय नको हे ठरवण्याची ‘सेशन झीरो’ नावाची पद्धत आहे. ‘टॅशा’च्या पुस्तकात तिच्यावर चांगला विभाग आहे आणि कडक व सैल मर्यादांचा विचार तिथे नीट मांडलेला आहे. ज्या पुस्तकाने सोबत्याचे मरण पुसून टाकले त्याच पुस्तकाने मरणाबद्दल बोलण्याची पद्धत शिकवावी, हे विचित्र असले तरी खरे आहे. आम्ही ती बैठक घेतली होती. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांचे एक्स-कार्डही टेबलावर होते, म्हणजे नको असलेला प्रसंग आला की कुणीही कारण न देता ज्याला बोट लावायचे ते साधे पत्ता-कार्ड. स्त्रियांवरील अत्याचार, लहान मुलांना इजा, हे सर्व आम्ही बाहेर ठेवले होते. प्राण्यांबद्दल मी विचारलेच नाही. ज्याच्या टेबलावर पशुधन पर्यवेक्षक बसतो त्याने हे विसरावे, याला काय म्हणावे?

आणि आम्हाला ज्याची काळजी घ्यावी लागली तो कुत्र्याचा धनी नव्हताच. आमचे मित्र गप्प होते पण सावरलेले होते. भाचा मात्र पुन्हा पुन्हा नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजत होता. “मामा, मी दुसरा मंत्र टाकला असता ना,” असे तो तीनदा म्हणाला, आणि मग प्रसंग मागे घेता येईल का असे त्याने विचारले. डीएमला ते सहज करता येते. “आग वळणाआधी विझली” एवढेच म्हणायचे. मी म्हणणारही होतो. आमच्या मित्रांनीच हात वर केला: “नको सर. गेलं ते गेलं. उगं परत आणलं तर ह्याला आणखीच लागंल.” पुढच्या रविवारी भाचा परीक्षेचे निमित्त सांगून आला नाही. मी तपासलेल्या एकाही पुस्तकात, सोबती आपल्याच माणसाच्या हातून गेल्यास टेबलाने काय करावे, याबद्दल एक ओळ नाही. स्वतःच्या बाजूचे पात्रही भाजणारा मंत्र याच पुस्तकांत आहे, आणि असे प्रसंग जवळजवळ प्रत्येक टेबलावर घडतात, हे रचनाकारांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

शेवटी आम्ही आमचा नियम केला आणि तो इथे देतो, कारण 2014 चे पुस्तक घेणाऱ्याला त्याची गरज पडेल. साडेतीन आवृत्तीतील एकाची वजावट घेतली, पण खेळातील दहाच दिवसांसाठी आणि फक्त हल्ल्याच्या फाशांवर. ती रेंजरला एकट्याला न लावता, ज्या खेळाडूला आपल्या पात्रावर घ्यायची असेल त्याने घ्यावी असे ठरले. दहा दिवसांनंतरच नव्या प्राण्याच्या शोधाला निघायचे, आणि आठ तासांचा तो विधी वगळायचा नाही, खेळायचा: प्राणी कुठे भेटतो, जवळ यायला का घाबरतो, आधी काय खातो. भाचा त्यानंतरच्या बैठकीला आला. खड्डा कोण खणणार असे मी विचारल्यावर विझार्डने काही न बोलता फावडे घेतले, आणि आठ बळ असलेल्या त्या पात्राला मी खड्ड्यासाठी एकही फासा टाकायला लावला नाही. वजावट तिघांनीही घेतली. त्या दहा दिवसांत आम्ही एक लढाई हरलो ती अगदी एकाने हरलो.

खरेदीबद्दल सांगायचे तर, ज्यांना लढायांचा वेग हवा आणि सोबती हे एक चांगले हत्यार म्हणून पुरते, त्यांनी 2024 चे पुस्तक घ्यावे. बांधणी, मांडणी आणि नियमांची भाषा या तिन्हींत ते सरस आहे. पैसे घालण्याआधी सोबत्याचा अनुभव घेऊन पाहायचा असेल त्यांनी ‘पाथफाइंडर’चे फुकट नियम वाचावेत. आम्ही मात्र 2014 च्याच पुस्तकावर राहिलो आहोत. त्याच्या नियमांत सोबती खऱ्या जातीचा, खऱ्या वजनाचा आणि खरोखर मरू शकणारा असतो, आणि मरणानंतरची कोरी जागा आपल्याला भरून घेता येते. भरून ठेवलेली जागा रिकामी करणे त्याहून कठीण असते.

ढाण्याचा कागद आमच्या मित्रांनी फाडला नाही, टाकलाही नाही. हिट पॉइंटांच्या चौकटीत शून्य लिहून तो त्यांनी पुस्तकात रेंजरच्या प्रकरणात घडी घालून ठेवला आहे. नव्या सोबत्यासाठी मी लांडगा, चित्त्यासारखे काही, असे पर्याय समोर ठेवले होते. त्यांनी शेळी घेतली. पुस्तकात शेळीचा चॅलेंज रेटिंग शून्य आहे आणि हिट पॉइंट चार. सहाव्या लेव्हलच्या रेंजरच्या हाताखाली त्याचे चोवीस होतात. ती काळीभोर, लांब कानांची उस्मानाबादी आहे, कुणाचेही ऐकत नाही, आणि प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र टाकला की आधी पाल्याची चौकशी करते. भाचा आता फायरबॉलचे फासे हातात घेतल्यावर नकाशाकडे पाहत नाही, आमच्या मित्रांकडे पाहतो आणि विचारतो, “काका, शेळी कुठंय?”